खोट्या क्षयाचा इतिहास

आजच्या विषयाचे नाव ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, फार तर १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला गोळीबारात पडलेल्या पाच हुतात्म्यांची आठवण सांगावी. कर्करोगाने पोखरलेल्या फुप्फुसात कोणते आडवळणाचे जंतू शिरतात, ह्याची उठाठेव त्याने कशाला करावी? शंका रास्त आहे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीला संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि रुग्णालयांच्या व्हरांड्यांत, दुसऱ्यांचे केसपेपर हातात धरून. त्या व्हरांड्यांत उभे राहून एक गोष्ट ध्यानात आली. बोईसरच्या कामगाराला खोकला लागला म्हणजे त्या खोकल्याला पहिल्या दिवशी जे नाव मिळते, ते सहसा सुटत नाही. आणि हे नाव बहुधा क्षय हे असते.

क्षय आपल्याकडे उदंड आहे, तेव्हा हे नाव देणाऱ्या डॉक्टरला आम्ही सरसकट दोष देत नाही. ज्या गावात साप फार, तिथे अंधारात पडलेल्या दोरीलाही लोक सापच म्हणणार. परंतु दोरी ती दोरीच. आणि कधी कधी दोरीखाली दुसराच एखादा विंचू बसलेला असतो. आजची गोष्ट त्या विंचवाची आहे.

२००९ सालची हकीकत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा एक सभासद. नाव सांगत नाही, घरची माणसे इथलीच आहेत. पिवळा क्रोम रंग बनवणाऱ्या कारखान्यात तो फिल्टर प्रेसवर होता. वय सेहेचाळीस, बिडीचे एक बंडल रोजचे. खोकला लागला, वजन उतरले, संध्याकाळी कणकण येऊ लागली. छातीचा फोटो काढला तर वरच्या अंगाला डाग. बेडक्यात जंतू सापडला नाही. तरीही क्षयाची औषधे सुरू झाली. सहा महिने त्याने ती इमानाने घेतली आणि सहा महिने डाग वाढत गेला. मग मुंबई. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली. त्यावेळी पहाटेची गाडी धरून विरार आणि तिथून दादर, असा प्रवास दम लागलेल्या माणसाने करायचा. तिथे दुर्बिणीने तपासणी झाली, तुकडा काढला, आणि कर्करोग निघाला.

इथपर्यंतची गोष्ट दुर्दैवाने जुनीच आहे; ह्या सभागृहातल्या कित्येकांनी ती आपल्या आळीत पाहिली असेल. पुढचा भाग वेगळा. किमोथेरपीचा चौथा डोस झाल्यावर त्याला ताप भरला आणि दुसऱ्या बाजूच्या फुप्फुसात नवा डाग दिसला. सगळ्यांनी मनात एकच शब्द उच्चारला, 'पसरला'. त्याच्या बायकोने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, आता घरी न्यायचं का यांना?" आम्ही हो म्हणण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात शिकाऊ वाटावी अशी एक तरुण डॉक्टरीण खाटेपाशी आली आणि म्हणाली, "काका, काम काय करता तुम्ही?" तो म्हणाला, "कंपनीत." तिने केसपेपर उलटून पाहिला. व्यवसायाच्या ओळीत 'नोकरी' असे लिहिले होते. अक्षर आमचेच होते.

तिने पुढे काय केले ते समजायला थोडे मागे जावे लागेल. थोडे म्हणजे दोनशे वर्षे.

पॅरिसमध्ये बेल नावाचा एक वैद्य होऊन गेला. सुमारे नऊशे मृतदेह फाडून पाहून त्याने १८१० साली क्षयावर ग्रंथ लिहिला आणि क्षयाचे सहा प्रकार सांगितले. त्यांतला एक होता 'कर्करोगी क्षय'. आज आपण हसू. परंतु त्या काळी क्षय हे एका जंतूच्या रोगाचे नाव नव्हते, झिजत जाऊन मरण्याचे नाव होते. बेलने निदान एवढे तरी पाहिले की झिजणाऱ्या फुप्फुसांपैकी काहींत गाठ कर्करोगाची असते. पुढे व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कीने मत मांडले की क्षय आणि कर्करोग ही जणू एकमेकांची वैरी, सहसा एका घरात नांदत नाहीत. मोठ्या माणसाचे मत म्हणून ते दीर्घकाळ चालले. वस्तुतः ही दोन्ही एका फुप्फुसात सुखेनैव नांदतात, किंबहुना ज्याला क्षय होऊन गेला त्याला पुढे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे आता ठरले आहे. थोरांच्या चुका थोर असतात. त्या निस्तरायला पिढ्या लागतात.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. त्याच सुमारास अर्लिख, त्सील आणि नीलसेन ह्यांनी त्याला रंगवण्याची रीत बसवली. रीत अशी, की बेडक्याला तांबडा रंग द्यायचा आणि मग त्यावर आम्ल ओतायचे. इतर जंतूंचा रंग धुऊन जातो, क्षयाचा जंतू रंग सोडत नाही. आमच्या रंगखात्यातला माणूस हे ऐकून म्हणेल, 'पक्का रंग'. तेच ते. तेव्हापासून ज्याचा रंग पक्का तो क्षय, असा हिशेब झाला.

हिशेब सोपा होता, म्हणूनच तो चुकला. १८८८ साली नोकार नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने ग्वादलूप बेटावरच्या गुरांच्या रोगात एक जंतू शोधला. पुढच्याच वर्षी त्याला नोकाराच्या नावावरून 'नोकार्डिया' म्हणू लागले. १८९० साली एपिंगर नावाच्या डॉक्टरला त्याचाच भाऊबंद मेलेल्या माणसाच्या शरीरात सापडला. हा जंतू धाग्यांसारखा लांब, फांद्या फुटलेला. इतका की पुष्कळ वर्षे लोक त्याला बुरशीच समजत. त्याचा रंग ना पक्का ना कच्चा. सौम्य आम्लाला तो दाद देत नाही, कडक आम्लाने धुतला जातो. म्हणजे तपासनिसाच्या हाताप्रमाणे तो कधी क्षयासारखा दिसणार, कधी दिसणारच नाही. एपिंगरने ह्या रोगाला जे नाव दिले त्याचा मराठीत सरळ अर्थ 'खोटा क्षय'. आमच्या व्याख्यानाचे नाव तिथून उचलले आहे.

योगायोग पाहा. त्याच १८९० साली स्कॉटलंडमध्ये क्रोमचा रंग बनवणाऱ्या एका कामगाराच्या नाकातील कर्करोगाची नोंद झाली. क्रोम आणि कर्करोग ह्यांचे नाते सांगणारी ही पहिली नोंद. एकाच वर्षी दोन कागद लिहिले गेले, आणि आमच्या सभासदाच्या एका फुप्फुसात ते दोन्ही कागद एकशे एकोणीस वर्षांनी एकत्र आले.

नोकार्डिया राहतो कुठे? मातीत. सुक्या धुळीबरोबर तो श्वासात जातो, आणि धडधाकट माणसाच्या फुप्फुसात त्याचे बहुधा काही चालत नाही. मातीतल्या ह्याच गोतावळ्यातल्या एका जंतूने तर क्षयावरचे पहिले खरे औषध दिले. १९४३ साली अमेरिकेत आल्बर्ट शॅट्झ ह्या विद्यार्थ्याने तळघरातल्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन शोधले. नोबेल पारितोषिक १९५२ साली मिळाले ते मात्र त्याच्या गुरूला, वॅक्समनला, एकट्याला. त्याआधीच शॅट्झने कोर्टात जाऊन आपला सहसंशोधकाचा हक्क मान्य करून घेतला होता. आमच्या मते विज्ञानाच्या इतिहासातला हा एक चांगला औद्योगिक तंटा आहे. आपल्या पिंपरीलाही, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात डॉ. थिरुमलाचार ह्यांनी मातीतल्या अशाच एका जंतूपासून 'हॅमायसिन' हे बुरशीवरचे औषध काढले आणि जंतूच्या नावात पिंपरीचे नाव घातले. म्हणजे हे सारे कुळ वाईट नव्हे. पण घर मोडकळीला आले की सज्जन शेजारीही आत शिरतो.

आणि कर्करोग हे घर मोडतो, ते कसे ते सांगतो. श्वासनळीत गाठ वाढली की पलीकडचा भाग तुंबतो. मोरी तुंबल्यावर पाणी साठून कुजते, तसे तिथे कफ साठून कुजतो. गाठ आतून पोखरून पोकळी झाली तर जंतूंना आयती खोलीच मिळते. ह्यावर उपचार आले. किमोथेरपीचे औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारते. परंतु हाडांच्या मगजातल्या, पांढऱ्या पेशी तयार करणाऱ्या पेशीही भराभर वाढणाऱ्याच असतात, तेव्हा त्याही मरतात आणि शरीराचे पहारेकरी कमी होतात. वांती थांबवायला, सूज उतरवायला स्टिरॉइड देतात. ते उरलेल्या पहारेकऱ्यांना झोपवते. म्हणूनच जे जंतू एरवी दाराबाहेर बसून असतात, नोकार्डिया, किंवा क्षयाच्या जंतूचे मातीपाण्यात राहणारे सावत्र भाऊ, ते अशा रोग्यात सापडतात. फोटोत त्यांचा डाग कर्करोगासारखा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतले काही क्षयासारखे दिसतात.

फुप्फुसाचा कर्करोगच मुळी पूर्वी दुर्मिळ होता, हे इथे सांगितले पाहिजे. १९१२ साली न्यूयॉर्कच्या आडलरने ह्या रोगावर पुस्तक लिहिले तेव्हा जगभरच्या कागदपत्रांतून त्याला ३७४ रोगी मिळाले, आणि असल्या विरळ रोगावर ग्रंथ लिहिल्याबद्दल त्याला संकोच वाटला. पुढे तंबाखूचा कारखानदारी प्रसार झाला. १९५० साली इंग्लंडात डॉल आणि हिल ह्यांनी सिगारेटवर बोट ठेवले. १९७९ साली मुंबईत डॉ. जस्सावाला आणि जैन ह्यांनी बिडीही निर्दोष नाही हे दाखवले. जस्सावालांच्याच पुढाकाराने मुंबईत १९६३ साली कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, देशातली पहिली. कामगाराच्या मरणाची नीट मोजदाद व्हायला तिथून आरंभ झाला. मात्र बिडीचे नाव आले की गिरणीतला, खाणीतला, रंगखात्यातला मालक सुटकेचा निःश्वास टाकतो. बिडी वाईटच, आम्ही तिचे वकीलपत्र घेतलेले नाही. पण बिडी आणि क्रोम ह्यांतले एक खरे असले म्हणजे दुसरे खोटे ठरत नाही.

आमच्या भागात आणखी एक समजूत आहे, ती म्हणजे कर्करोग दिसला की तारापूरच्या अणुवीज केंद्राकडे बोट दाखवायचे. ते केंद्र १९६९ साली वीज देऊ लागले. ज्या कामगाराने चौदा वर्षे नाकाला फडके बांधून पिवळी भुकटी उपसली, त्याच्या रोगाचे कारण समुद्रकाठच्या घुमटात शोधणे म्हणजे जवळचा गुन्हेगार सोडून लांबच्यावर संशय घेणे होय. परळच्या टाटा रुग्णालयाशी मात्र त्या केंद्राचे खरोखरच नाते आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. सर दोराबजींच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते रुग्णालय उघडले. १९५७ साली ते भारत सरकारकडे आले आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे गेले. आमच्या गावची अणुभट्टी आणि आमच्या रोग्यांचे रुग्णालय एकाच खात्याच्या दप्तरात आहेत, हे व्हरांड्यात बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

परळच्या ह्याच परिसरातली एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. तिथल्या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. वसंत रामजी खानोलकर, डॉ. कमल रणदिवे आणि बापट ह्यांनी १९५८ साली महारोग्याच्या शरीरातून मिळालेला एक पक्क्या रंगाचा जंतू काचेत वाढवला. महारोगाचा जंतू काचेत वाढत नाही, हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच ते काम फार गाजले. त्यापासून पुढे महारोगाची लस झाली आणि महाराष्ट्रात तिच्या चाचण्याही झाल्या. पण पुढच्या तपासात तो जंतू निघाला क्षयाच्या त्या सावत्र भावांपैकी, पक्ष्यांच्या क्षयाच्या कुळातला. आज कर्करोग्यांच्या फुप्फुसात अधूनमधून सापडतो तोच हा घराणा. शोधायला गेले एक, हाती लागले दुसरे. पण त्यांनी काचेची बशी फेकून दिली नाही, हे महत्त्वाचे.

बशी न फेकण्याचे आणखी एक उदाहरण. १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियाला माजी सैनिकांचे संमेलन भरले आणि त्यानंतर २२१ माणसे फुप्फुसाच्या रोगाने आजारी पडली, ३४ मेली. जंतू कुणालाच सापडेना. मॅकडेड नावाच्या शास्त्रज्ञाला ऑगस्टमध्ये काचेवर काही काड्या दिसल्या होत्या. चुकून आलेली घाण म्हणून त्याने त्या सोडून दिल्या. डिसेंबरच्या सुट्टीत मनाला चैन पडेना म्हणून त्याने त्याच काचा पुन्हा काढल्या, आणि लिजिओनेला सापडला. तो पाण्यात वाढतो, शीतकरण मनोऱ्यांच्या तुषारांतून उडतो, आणि फुप्फुस ज्याचे आधीच दुबळे त्याला आधी गाठतो. आमच्या वसाहतीत असे मनोरे गल्लोगल्ली आहेत; त्यांची सफाई कोण करतो, कधी करतो, हा प्रश्न आम्ही सुरक्षा समितीच्या बैठकीत घालतो तेव्हा मंडळी चहा मागवतात.

पूर्वेकडचे एक उदाहरण आमच्या शेतकरी-कामगाराला अधिक जवळचे आहे. १९११ साली रंगूनच्या रुग्णालयात कॅप्टन व्हिटमोर आणि त्याचा सहायक सी. एस. कृष्णस्वामी ह्यांना शवविच्छेदनात क्षयासारखी, पण क्षय नसलेली फुप्फुसे दिसली. त्यांतून त्यांनी नवा जंतू काढला. रोगाला नाव पडले 'व्हिटमोरचा रोग'. कृष्णस्वामी गळला. (शॅट्झला निदान कोर्ट तरी मिळाले.) आज त्याला मेलिऑइडोसिस म्हणतात. हा जंतू भातखाचरांच्या चिखलात राहतो, पावसाळ्यात माणसाला धरतो आणि मधुमेह्यांवर त्याचा विशेष लोभ. भारतातला पहिला नोंदलेला रोगी १९९१ साली मुंबईतच निघाला, एक लहान मूल. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर मणिपालकडे असे रोगी पुष्कळ सापडले; कारण तिथल्या डॉक्टरांनी शोधायचे ठरवले. आता आमचा कामगार पाहा. कारखान्यात पाळी करतो आणि मृगाचा पाऊस पडला की आवणीला रजा टाकून विक्रमगड-जव्हारकडे जातो. त्याचा धंदा एक की दोन? केसपेपरच्या एका ओळीत तो कसा मावणार?

१९६७ साली अमेरिकेत एका तरुणाच्या फुप्फुसात घोड्यांच्या शिंगरांना होणाऱ्या रोगाचा जंतू सापडला. स्वीडनमध्ये १९२३ सालापासून पशुवैद्य त्याला ओळखत होते; माणसात तो पहिल्यानेच दिसला. रोगी यकृताच्या विकारासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत होता. आणि त्याचे काम होते जनावरांच्या बाजारातले गोठे साफ करण्याचे. हे आपल्याला आज कळते, कारण त्या डॉक्टरांनी रोग्याचे काम काय ते विचारले आणि लिहून ठेवले. तेव्हापासून हा जंतू कर्करोग्यांतही आढळू लागला.

आता आमच्या सभासदाकडे येऊ. डॉक्टरणीने त्याला काम खोदून विचारले. क्रोम यलो, फिल्टर प्रेस, चौदा वर्षे. मग विचारले, आजारात घरी बसून काय करता? तो शरमून म्हणाला, बसवत नाही म्हणून अंगणात खतमाती कालवून वांग्यामिरच्यांचे वाफे केले. तिने हे सगळे दुसऱ्या कागदावर लिहिले. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून फुप्फुसात पाणी सोडून ते परत ओढून घेतले, आणि प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात शेरा मारला की बशी तीन आठवडे ठेवावी. हा शेरा महत्त्वाचा होता. नेहमीचे जंतू एकदोन दिवसांत वाढतात आणि मग बशा टाकून देतात. नोकार्डियाला कधी आठवडा लागतो, कधी त्याहून अधिक. नवव्या दिवशी बशीवर खडूसारखे पांढरे ठिपके आले. तिने आम्हाला बोलावून दाखवले. तिथल्या तंत्रज्ञाने सांगितले की ह्या ठिपक्यांना ओल्या मातीचा वास येतो. मात्र मुद्दाम हुंगायचे नसते.

वाफ्यातूनच तो जंतू आला असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण 'पसरला' म्हणून आम्ही सर्वांनी ज्याला नाव दिले होते तो डाग कर्करोगाचा नव्हता. सल्फाची साधी, स्वस्त गोळी; डोमाकने १९३५ साली जगाला दिलेल्या औषधाच्या कुळातलीच. ती त्याने जवळजवळ वर्षभर घेतली, कारण हा जंतू मेंदूकडे जातो आणि औषध लवकर सोडले तर परत येतो. दोन महिन्यांत तो डाग विरला. राहिलेली किमोथेरपी उशिराने पुरी झाली. पहिल्या बाजूची गाठ मात्र आपल्या वाटेने चालत राहिली आणि २०११ च्या पावसाळ्यात तो गेला. मधल्या काळात मुलगी दहावी झाली. घराचे अर्धे कर्ज फिटले.

श्रोत्यांपैकी कोणी विचारील, आता तर नवी यंत्रे आली आहेत ना? आली आहेत, आणि चांगली आहेत. बेडका घातला की दोन तासांत क्षयाचा जंतू आहे की नाही ते सांगणारे यंत्र आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. त्यामुळे खोटा क्षय खऱ्यापासून पटकन वेगळा पडतो. पण ते यंत्र 'क्षय नाही' एवढेच म्हणते. मग काय आहे, हे विचारायला माणूसच लागतो.

त्याच्या मागे नुकसानभरपाईचा दावा लावला तो आम्हीच. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात, तिसऱ्या परिशिष्टात, क्रोमियमच्या विषारी संयुगांपासून होणारे रोग होते. तसल्या कामावर सलग सहा महिने काढलेले असले की रोग कामातून झाला असे धरून चालायचे आणि उलट सिद्ध करणे मालकाकडे. कागदावर हे फार सुंदर दिसते. समोरच्या वकिलाने पहिला केसपेपर काढला आणि वाचून दाखवला. व्यवसाय : नोकरी. व्यसन : बिडी. "ह्यात क्रोम कुठे आहे?" त्याने विचारले. आम्ही खाली पाहिले. मग त्या डॉक्टरणीचा दुसरा कागद पुढे केला. कारखान्याच्या हजेरीपत्रकांखेरीज क्रोम, फिल्टर प्रेस आणि चौदा वर्षे हे तीन शब्द एकत्र असलेला तेवढा एकच कागद आमच्यापाशी होता. २०१३ साली तडजोड झाली. मागितले त्याच्या निम्म्याहून कमी मिळाले, पण मिळाले. बाईंनी कर्जाचे उरलेले हप्ते फेडले.

आमच्या कचेरीत आता सभासदाबरोबर रुग्णालयात जाणाऱ्याला आम्ही एक चिठ्ठी देतो. तीत खाते, यंत्र, भुकटीचे किंवा द्रवाचे नाव, किती वर्षे, त्याआधी कुठे काम, गावी शेती काय, घरी गुरे किंवा कोंबड्या आहेत का, एवढे लिहिलेले असते. केसपेपर काढणारा कारकून कधी कधी कुरकुरतो की व्यवसायाची ओळ एवढीशीच आहे, ह्यात हे सगळे मावायचे नाही. मग आम्ही त्याच्याकडून पेन मागून घेतो आणि समासात लिहितो.